ससाणा नसताना

पेरूच्या आग्नेयेकडील मनूच्या जंगलात अँटश्राइक हा चिमणीएवढा करडा पक्षी अनेक जातींच्या कीटकभक्षी पाखरांचा थवा राखतो. पहाटे तोच ओरडून सगळ्यांना गोळा करतो, मग मध्ये बसून पहारा देतो, ससाणा दिसताच इशारा करतो. इतरांच्या हालचालीने पानांतून उडालेले किडे तो टिपतो. १९८६ साली चार्ल्स मन यांनी ‘नेचर’मध्ये नोंदवले, की एकाच किड्यावर हा आणि दुसरे पाखरू झेपावतात तेव्हा ससाणा नसतानाही तो तोच इशारा देतो. दुसरे बिचकते, किडा याला मिळतो. मग हा पक्षी असत्य बोलला का?

माझ्या मते, इशारा खोटा आहे. पण ते असत्य नव्हे. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात वाणीचे प्रयोजन सांगितले आहे, ते म्हणजे आपला बोध दुसऱ्यापर्यंत पोचवणे. त्या बोधाशी प्रतारणा झाली की असत्य. म्हणूनच भाष्याचे टीकाकार वाचस्पतिमिश्र तिथे पुत्र अश्वत्थाम्याविषयी विचारणाऱ्या द्रोणांना उत्तर देणाऱ्या युधिष्ठिराचा दाखला देतात: त्याच नावाचा हत्ती खरोखर मेला होता, तरी वाणी वंचक ठरली. अँटश्राइकचे नेमके उलटे आहे. त्याचा इशारा वस्तुस्थितीला धरून नाही. पण ‘ससाणा नाही, तरी दुसऱ्याला तसे वाटावे’ असा बोध त्याच्या ठायी आहे, हे मानायला पुरावा नाही. कोणी म्हणेल, ती पाठलागातली निव्वळ उत्तेजना असेल. तसे असते तर एकट्याने किडा धरतानाही तो तितकाच ओरडला असता; हे ओरडणे मुख्यतः चढाओढीतले आहे. त्यातून लाभ सिद्ध होतो, हेतू नव्हे. फुलासारखा दिसणारा प्रार्थनाकीटकही (मँटिस) भक्ष्याला फसवतो, त्याला आपण खोटारडा म्हणत नाही.

खरा कठीण आक्षेप पुढे आहे: माणसाचे खोटेही अशाच लाभातून उपजले असेल, तर त्यालाच दोष का? कारण उगम सांगितल्याने जबाबदारी फिटत नाही. बोलण्याआधी युधिष्ठिर स्वतःला अडवू शकत होता, त्याला ते कळत होते. महाभारतात त्याचा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकतो, तो या जाणतेपणाबद्दल. पाखराचा रथ कधी अधांतरी नव्हताच. थवाही त्याचा न्याय करत नाही. एक किडा गेला तर दुसरा मिळेल, पण खरा इशारा एकदा चुकला की जीव जातो. म्हणून पुढच्या हाकेलाही सगळे दडतात, आणि दुसऱ्या पहाटे त्याच्याच आवाजावर पुन्हा जमतात.