शब्दकोशातला गोलकोंडा

इंग्रजी शब्दकोशात ‘गोलकोंडा’ या शब्दाचा अर्थ ‘अमाप संपत्तीचे उगमस्थान’ असा दिलेला असतो. अमेरिकेत इलिनॉय आणि नेवाडा या राज्यांत या नावाची गावेही आहेत. हैदराबादच्या पश्चिमेच्या किल्ल्याचे नाव इतके दूर गेले ते हिऱ्यांमुळे. मात्र खुद्द गोलकोंड्याला हिऱ्यांचा बाजार होता. नामांकित खाण होती कृष्णाकाठच्या कोल्लूरला. तिथे बायका-मुले धरून सुमारे ६०,००० माणसे राबत, असे सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए नोंदवतो. तरीही शब्दकोशात गेले ते बाजाराचे नाव. खाणीचे गेले नाही.

परभाषेत शब्द जातो तो घेणाऱ्याच्या गरजेने आणि त्याच्याच नजरेने. ‘वुट्झ’ पाहा. तेलुगू-कन्नडमध्ये पोलादाला ‘उक्कू’ म्हणतात. मुंबईच्या डॉ. स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला धाडले आणि १७९५मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर निबंध वाचला. त्यात ‘उक्कू’चे ‘वुट्झ’ झाले होते आणि पोलाद मुंबईत बनते असे शीर्षकातच छापले होते. पुढे फॅरेडेसारख्या शास्त्रज्ञानेही या पोलादावर प्रयोग केले. आजच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला असे पोलाद बनत असे आणि ते घ्यायला इराणी व्यापारी येत. बिघडलेला उच्चार धातुशास्त्राच्या पुस्तकांत टिकला; मुशीत पोलाद मुरवणाऱ्या त्या कारागिरांची नावे कुणी टिपली नाहीत.

‘ठग’ या शब्दाचा प्रवास आणखी वेगळा. निजामाच्या सेवेतला अधिकारी मेडोज टेलर याच्या १८३९च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीने तो इंग्लंडच्या घराघरांत नेला. आपल्याकडे ठग म्हणजे फसवणारा, लुबाडणारा. इंग्रजीत तो वाटसरूंचा गळा आवळणारा झाला आणि पुढे कुठलाही गुंड.

म्हणूनच ‘आमचा शब्द ऑक्सफर्डच्या कोशात आहे’ एवढ्याच अभिमानावर समाधान मानू नये. त्या कोशात आपल्या मुलखाची संपत्ती आहे, तिथल्या मालाचे कौतुक आहे, तिथल्या माणसांची भीतीही आहे. राबणारा माणूस मात्र त्यात नाही. त्याची नोंद त्याच्याच भाषेत व्हायला हवी, आणि हे काम परका करणार नाही.

हैदराबादच्या दख्खनीत आपला ‘नको’ अजून ‘नक्को’ होऊन नांदतो, कारण तो रोज बोलला जातो. हत्यारांची, भट्ट्यांची, विणकामाची नावे धंद्याबरोबर बुडतात. आपल्या घरात, गल्लीत असे शब्द जाणणारी वडीलधारी माणसे असतील, तर त्यांच्याजवळ बसा. शब्द, त्याचे काम आणि सांगणाऱ्याचे गाव, तिन्ही लिहून ठेवा. मराठी, तेलुगू, दख्खनी, कुठलीही भाषा असो, हे काम आजच व्हायला हवे.