नाव गाळले की झाले?



अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावे गाळून संशोधकांना दिल्या गेल्या. १९९७ साली लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी घेतली, जन्मतारीख, पिनकोड आणि लिंग जुळवले. राज्यपाल विल्यम वेल्ड यांचीच नोंद सापडली! संगणकतज्ज्ञ अजून उपाय शोधत आहेत.

धर्मगुरूला हा प्रश्न जुना आहे. कुमसाराची गुप्तता केवळ नाव न घेतल्याने पाळली जात नाही. माणूस ओळखू येईल असा इशाराही निषिद्ध आहे. मग प्रार्थनेची विनंती म्हणून ‘अमक्या आळीतली, दोन मुलांची आई, हा आजार’ असे आपण मोबाइलच्या ग्रुपवर टाकतो (नाव कुठे लिहिले, असे म्हणून निश्चिंत!), तेव्हा त्या बाईला विचारलेले असते का?