वळणावरचे कर्तेपण

संयमाचा विचार करताना प्राचीनांनी वारंवार रथाचा आधार घेतला आहे. कठोपनिषदात शरीर हा रथ, आत्मा हा रथाचा स्वामी, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे अशी मांडणी येते; ग्रीसमध्ये प्लेटोने ‘फीड्रस’ या संवादात एक गुणी आणि एक उधळणारा असे दोन घोडे हाकणाऱ्या सारथ्याच्या रूपाने मानवी जिवाचे वर्णन केले. या दोन्ही रूपकांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की आवरणारा वर आहे, आवरला जाणारा खाली आहे आणि दोघांना जोडणारा लगाम सारथ्याच्या मुठीत आहे. घोड्याला स्वतःला आवरता येत नाही, म्हणून तर सारथी लागतो. गेल्या काही दशकांतील स्पोर्ट्स कारने नेमके हेच गृहीत मोडले. या गाडीत घोडाच स्वतःचा लगाम ओढतो, तो किती ओढायचा हे सारथी एक खटका फिरवून आधीच सांगून ठेवतो, आणि मग निसटू पाहणारी गाडी वळणावर सावरली तर ती सावरली कोणी, हा प्रश्न मागे उरतो. वरवर यंत्रशास्त्रातला वाटणारा हा प्रश्न मुळात कर्तेपणाचा आहे आणि म्हणून धर्मचिंतनाच्या कक्षेत येतो.

तो नीट उमगण्यासाठी आधी चाकाकडे पाहावे लागते. टायर रस्त्याला धरून राहतो तो अजिबात घसरत नाही म्हणून, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. इंजिनाची ओढ ज्या चाकांवर येते ती गाडीच्या वेगापेक्षा किंचित जास्त वेगाने फिरत असतात, रस्त्याशी टेकलेले रबर ताणले जाते, थोडे सरकते, आणि या ताणातूनच गाडीला पुढे ढकलणारे बळ निर्माण होते. चाकाचा वेग आणि गाडीचा वेग यांतील या फरकाला घसरणीचे प्रमाण म्हणतात. कोरड्या डांबरावर ते साधारण १० ते २० टक्क्यांच्या आसपास असताना पकड सर्वाधिक असते. त्याच्या आत पकड पुरती वापरलीच जात नाही आणि त्याच्या पलीकडे ती ढासळू लागते. शिवाय टायरजवळची पकड ही मोजकी पुंजी आहे. वेग वाढवणे, वेग कमी करणे आणि वळणे ही तिन्ही कामे त्याच पुंजीतून भागवावी लागतात, त्यामुळे वळणात बरीचशी पकड बाजूच्या ओढीवर खर्च होत असताना कोणी ॲक्सिलरेटर जोराने दाबला, तर मागची चाके बाहेर निसटतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

मराठीत पाय घसरणे हा शब्दप्रयोग शेवाळलेल्या पायरीविषयी जितक्या सहजतेने केला जातो तितक्याच सहजतेने आचरणातील स्खलनाविषयीही केला जातो, आणि दोन्ही ठिकाणी घसरण शून्यावर आणणे हाच आदर्श समजला जातो. चाकाचा अनुभव या समजुतीला तपासायला लावतो. मुळीच न घसरणारे चाक बळ देऊ शकत नाही, बेताल घसरणारे चाकही देऊ शकत नाही, आणि सारे कौशल्य या दोहोंमधील एका अरुंद पट्ट्यात राहण्याचे आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला योग सारखाच नाकारला आहे. निग्रह म्हणजे इंद्रियांचा पुरता निरोध नसून त्यांची युक्त मात्रा होय, हा तिथला विचार टायरच्या बाबतीत अक्षरशः खरा ठरतो. फरक इतकाच की साधकाला ही मात्रा जन्मभराच्या अभ्यासाने सापडते, तर चाकाच्या बाबतीत ती एक संगणक सेकंदाच्या अल्पांशात शोधतो.

या शोधाला ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. प्रत्येक चाकापाशी त्याच्या फिरण्याचा वेग मोजणारा संवेदक बसवलेला असतो आणि ओढ लावणारी चाके इतर चाकांच्या मानाने किती जास्त फिरत आहेत, याची तुलना सतत चालू असते. इटलीतील मारानेल्लो या फेरारीच्या गावाच्या दक्षिणेला सुरू होणाऱ्या आपेनीनी डोंगरांतील एखादे पावसाने ओले झालेले वळण कल्पावे. चालकाचा उजवा पाय अर्धा बोटभर जास्त दाबला जातो, आतल्या बाजूच्या मागच्या चाकावरचा भार वळणामुळे आधीच हलका झालेला असतो, ते चाक भिरभिरू लागते. तोच इंजिनातील ठिणगी क्षणभर रोखली जाते, हवेची झडप थोडी मिटते, गरज पडली तर त्या एकाच चाकाला ब्रेक लागतो, आणि पाय जिथे होता तिथेच असताना पायाची आज्ञा मात्र अर्धीच पाळली जाते. स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडीचे एकंदर स्थैर्य राखणारी व्यवस्था, याच्याही पुढे जाते. स्टिअरिंग किती वळवले आहे आणि गाडी स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती प्रत्यक्षात किती वळत आहे, यांची ती तुलना करते आणि दोहोंत तफावत दिसली की एकेका चाकाला ब्रेक लावून गाडीला चालकाने दाखवलेल्या दिशेकडे परत आणते. बॉश आणि मर्सिडीझ यांनी १९७८ मध्ये ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही व्यवस्था बाजारात आणली आणि १९९५ मध्ये हे स्थैर्य-नियंत्रण आणले.

फेरारीने २००४ मध्ये एफ४३० या गाडीच्या स्टिअरिंगवर एक छोटा लाल खटका बसवला. इटालियन भाषेत त्याला मानेत्तीनो, म्हणजे लहानशी मूठ, म्हणतात. अंगठ्याने फिरवता येणाऱ्या या खटक्याच्या पाच स्थिती असतात. २००९ च्या ४५८ इटालिया या गाडीत त्या ओला रस्ता, स्पोर्ट, रेस, ट्रॅक्शन कंट्रोल बंद आणि अखेर स्टॅबिलिटी कंट्रोलही बंद, अशा चढत्या क्रमाने येतात. प्रत्येक स्थितीबरोबर इंजिन पायाला किती चटकन प्रतिसाद देते, गिअर किती झटक्याने बदलतात आणि यंत्र घसरणीला किती मोकळीक देते, हे सारे एकदम बदलते. म्हणजे गाडी तीच राहते, स्वभाव पालटतो. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने या खटक्याचे महत्त्व असे की त्याने निग्रहाला निवडीचा विषय केले. आता चालक वळणात शिरल्यावर स्वतःला आवरत नाही. वळण येण्याआधी, डोके शांत असताना, पुढे आपल्याला किती आवरले जावे हे तो ठरवून ठेवतो.

भारतीय परंपरेत याला जवळची गोष्ट म्हणजे व्रत. एकादशी करणारा माणूस सकाळी संकल्प करतो आणि दुपारी भूक लागते तेव्हा सकाळचा तो दुपारच्या त्याला धरून ठेवतो. होमरच्या महाकाव्यातील ओडिसियसने सायरन या मोहिनींचे भुरळ घालणारे गाणे ऐकण्याआधी स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले आणि सुटका मागितली तर दोर अधिक आवळा असे खलाशांना सांगून ठेवले, हीही त्याच जातीची कथा. मानेत्तीनोशी या दोहोंचे साम्य उघड आहे, पण भेद अधिक बोलका आहे. व्रतात संकल्प करणारा आणि तो पाळणारा एकच असतो, म्हणून पाळण्यातूनच पाळणारा घडतो. ओडिसियसच्या बाबतीत पाळणारे दुसरे होते, पण दोर सोडणे तरी त्याच्या हाती नव्हते. स्पोर्ट्स कारच्या चालकाचा निग्रह दुसरा कोणी पाळतो आणि गाठही चालकाच्याच अंगठ्याखाली कायम सैल असते. हा कमी प्रतीचा निग्रह आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण ओल्या रस्त्यावर त्याने माणसे वाचतात आणि वाचलेला जीव कोणत्याही तत्त्वचर्चेपेक्षा मोलाचा आहे. मात्र चालकाच्या ठायी संयम नावाचा गुण त्यातून उपजतो, असे मानण्यास आधार नाही. ॲरिस्टॉटलने वासना असूनही स्वतःला रोखणारा आणि ज्याच्या वासनाच विवेकाशी एकरूप झाल्या आहेत असा, अशी दोन प्रकारची माणसे वेगळी दाखवली होती. यंत्राने तिसरा प्रकार शक्य केला आहे. हा माणूस स्वतःला रोखतही नाही, त्याच्या वासनाही निवलेल्या नाहीत, आणि तरी त्याची गाडी शहाण्यासारखी चालते.

येथे अधिकाराचा विचार करणे प्राप्त आहे. अधिकार या शब्दाचा शास्त्रीय अर्थ सत्ता असा नसून पात्रता असा आहे. शांकर वेदान्तात ब्रह्मजिज्ञासेच्या आधी विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुणांची संपत्ती आणि मुमुक्षुत्व ही साधने मागितली आहेत, कारण अपात्राच्या हाती आलेले ज्ञान त्याचे भले करीत नाही अशी त्या परंपरेची धारणा आहे. आणि पात्रता पारखण्याचे काम शिष्याचे नसून गुरूचे असते. मानेत्तीनोच्या पाच स्थिती म्हणजे पात्रतेच्या चढत्या पायऱ्याच आहेत, पण त्या चढणाऱ्याला पारखणारे तेथे कोणी नाही. एफ४३० चे इंजिन ४९० अश्वशक्तीचे होते. इतके बळ मोकळे सोडण्याआधी खटका चालकाला काहीच विचारत नाही. गाडी विकत घेण्याची ऐपत आणि ती आवरण्याची पात्रता या दोन गोष्टी या ठिकाणी एक होऊन बसल्या आहेत, आणि आक्षेप घ्यायचा तर तो यंत्राच्या साहाय्यावर घेण्यापेक्षा या सरमिसळीवर घेणे अधिक योग्य होय.

कर्तेपणाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो २०१३ च्या ४५८ स्पेशाले या ६०५ अश्वशक्तीच्या गाडीत. तिच्यात फेरारीने साइड स्लिप अँगल कंट्रोल नावाची व्यवस्था आणली. गाडीचे तोंड ज्या दिशेला आहे आणि गाडी प्रत्यक्षात ज्या दिशेने सरकत आहे, त्यांमधील कोनाला साइड स्लिप अँगल, म्हणजे बाजूच्या घसरणीचा कोन, म्हणतात. ही व्यवस्था तो कोन क्षणोक्षणी अजमावते, त्याची ठरवलेल्या कोनाशी तुलना करते, आणि इंजिनाचे बळ व मागच्या दोन चाकांमधील त्या बळाची वाटणी बदलत गाडीला त्या कोनाच्या आसपास धरून ठेवते. पूर्वीची यंत्रणा घसरण थोपवत असे. ही यंत्रणा घसरू देते, पण पडू देत नाही. वर्षानुवर्षे सराव केलेल्या चालकालाच जे साधत असे, ते मागचे अंग बाहेर टाकून वळण घेणे, बेताच्या कौशल्याच्या माणसालाही साधू लागते, आणि मुख्य म्हणजे ते आपणच केले असे त्याला मनापासून वाटते.

हे वाटणे कितपत खरे आहे? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्म जेथे घडते तो आश्रय, कर्ता, करण म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव, आणि ही पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी अपुरी आहे, असा तेथे निर्वाळा दिला आहे. या दृष्टीने पाहता स्पोर्ट्स कारने नवे असे काही केलेले नाही. रस्ता आणि गाडी हे अधिष्ठान, टायर आणि संगणक ही करणे, पायाच्या आणि झडपांच्या हालचाली या चेष्टा, आणि वळणावर सांडलेले तेल किंवा ऐन वेळी पडलेले ऊन यांना दैवाच्या खात्यात टाकावे लागेल. जुन्या, साहाय्य नसलेल्या गाडीतही हे पाचही होतेच. पण त्या गाडीत करणे मुकी होती आणि स्वतः निर्णय घेत नव्हती, म्हणून चालकाचा वाटा कुठे संपतो हे त्याला चुकीतून कळत असे. गाडी फिरली की त्याचा अभिमान तेथेच उतरत असे. नव्या गाडीत करणांनीच कर्त्याचे काही काम उचलले आहे आणि तेही न सांगता उचलले आहे. चूक दुरुस्त होते, पण ती चूक होती हे कळत नाही. अहंकाराला याहून पोषक जमीन क्वचितच मिळेल.

न सांगता, हे मात्र पूर्णपणे बरोबर नाही. यंत्र सांगते. ट्रॅक्शन किंवा स्टॅबिलिटी कंट्रोलने हस्तक्षेप केला की चालकासमोरच्या पटलावर एक लहान पिवळा दिवा लुकलुकतो. त्यावर मागे नागमोडी रेघा सोडणाऱ्या गाडीचे चित्र असते. यंत्राने जे केले त्याची ही एकमेव कबुली. अडचण अशी की दिवा लुकलुकतो तो नेमका वळणात, जेव्हा डोळे रस्त्यावर खिळलेले असतात आणि असायलाच हवेत. तरीही जो चालक या दिव्याकडे लक्ष देण्याची सवय लावून घेतो आणि आज तो किती वेळा, कोणत्या वळणावर, पायाच्या कोणत्या घाईमुळे लागला याची मनात नोंद ठेवतो, त्याच्यासाठी हे यंत्र गुरू होऊ शकते. अशा माणसाने ओल्या रस्त्याच्या स्थितीतून स्पोर्टकडे आणि स्पोर्टमधून रेसकडे जाणे म्हणजे खरोखरच पायऱ्या चढणे होय, कारण खालच्या पायरीवर दिवा लागेनासा झाल्यावरच तो वर जातो. दिवा न पाहणाऱ्यासाठी मात्र त्या पाच स्थिती म्हणजे स्वतःविषयीच्या पाच कल्पना, इतकेच.

शर्यतीच्या जगाने या प्रश्नाला आपल्यापुरते उत्तर दिले. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ च्या हंगामापासून ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी आली. ती पाळली जाते की नाही याची खात्री करणे जड गेल्याने २००१ मध्ये ते पुन्हा खुले झाले, आणि २००८ पासून सर्व संघांना एकच सामाईक नियंत्रक संगणक देऊन पुन्हा हद्दपार झाले. जेथे कौशल्य हेच साध्य आहे तेथे कौशल्याची जागा घेणारे साहाय्य साध्यालाच खाते, असा या बंदीमागचा विचार दिसतो. सार्वजनिक रस्त्यावर न्याय उलटा आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारगाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचे आहे. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाने चालकाच्या कौशल्याच्या परीक्षेला संमती दिलेली नसते. व्रत मोडले तर पाप व्रत करणाऱ्याला लागते, गाडी निसटली तर ती भलत्याच माणसावर जाऊन आदळते. म्हणून मैदानावर जे अधर्म्य ठरले तेच रस्त्यावर धर्म्य ठरते.

अमेरिकेच्या या नियमात एक तरतूद अशी आहे की चालकाने हे नियंत्रण बंद करण्यास हरकत नाही, पण इंजिन बंद होऊन पुन्हा सुरू झाले की सामान्यतः ते आपोआप पूर्ववत चालू झाले पाहिजे. कालची मोकळीक आज उरत नाही. सवयीने, विसरून किंवा आधीच्या कोणी तसे ठेवले म्हणून गाडी मोकळी राहिली, असे म्हणण्याची सोय या नियमाने काढून घेतली आहे. मोकळीक हवी असेल तर ती दर प्रवासाला नव्याने, जाणूनबुजून आणि स्वतःच्या हाताने घ्यावी लागते. वळणात शिरल्यावर कोण किती कर्ता होता याचा निवाडा कदाचित कधीच होणार नाही, कारण तेथे पाय आणि संगणक एकमेकांत मिसळून जातात. पण गाडी उभी असताना, रस्ता समोर रिकामा असताना अंगठ्याने खटका फिरतो, त्या क्षणी संगणक काहीच करत नसतो आणि पिवळा दिवा विझलेला असतो. ते कर्म संपूर्णपणे चालकाचे असते.