पक्षी ओळखणे: प्रमाणांचा एक अभ्यास

पक्षी ओळखताना नेमके कोणत्या प्रकारचे ज्ञान होते, हा प्रश्न भारतीय दर्शनांच्या प्रमाणविचारात, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या विचारात, मोडतो. डोळ्यांना आकार दिसतो, पूर्वी वाचलेले वर्णन आठवते आणि ‘हे थापट्या बदक’ असा निश्चय होतो. हा निश्चय प्रत्यक्षातून येतो, अनुमानातून येतो की या दोहोंहून वेगळ्या वाटेने, यावर नैयायिक, मीमांसक आणि बौद्ध यांच्यात शतकानुशतके वाद चालला. हिवाळी पाणपक्षी या वादातल्या जवळजवळ प्रत्येक मुद्द्याला जिवंत उदाहरण पुरवतात.

उदाहरणांसाठी हैदराबादचे तलाव घेऊ. शहराच्या तारनाका भागाजवळ नाचारम आणि रामंतापूरचे तलाव आहेत. थोडे उत्तरेला सफिलगुड्याचा. पश्चिमेकडे अमीनपूरचा तलाव आहे. त्याला २०१६ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. दख्खनच्या पठारावरचे असे तलाव बहुतेक ओढ्यांचे पाणी बांधाने अडवून केलेले आहेत. पावसाळ्याअखेर ते भरतात आणि हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की काठचा चिखल उघडा पडतो. ऑक्टोबरपासून या पठारावरच्या पाणथळींवर मध्य आणि उत्तर आशियातून बदके, तुतारी, धोबी असे पाहुणे उतरू लागतात. मार्च-एप्रिलपर्यंत ते परततात. या मुलखातल्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये, तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात केली.

ओळखीची पहिली पायरी संशय ही आहे. न्यायदर्शनाने संशयाला आपल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, स्थान दिले आहे. दोन वस्तूंचे समान धर्म दिसतात आणि त्यांना वेगळे करणारा विशेष दिसत नाही, तेव्हा संशय उत्पन्न होतो. चिखलात शेपटीकडचा भाग खालीवर हलवत चालणारा लहानसा तपकिरी पक्षी दिसला, तर तो तुतारीवर्गातला आहे इतकेच कळते. छातीच्या कडेने खांद्यापुढे शिरलेली पांढरी पट्टी दिसली की सामान्य तुतारी ठरते. ती नसेल तर उडताना पंखाची खालची बाजू पाहावी लागते: ती काळसर असेल तर हिरवी तुतारी, फिकट असेल तर ठिपकेवाली. विशेष दिसेपर्यंत संशय कायम ठेवणे हा ज्ञानाच्या शिस्तीचाच भाग आहे.

दुसरी पायरी लक्षणाची, म्हणजे व्याख्येची. तेलुगू प्रदेशातले सतराव्या शतकातले नैयायिक अन्नंभट्ट यांचा ‘तर्कसंग्रह’ आजही न्यायाचे पहिले पाठ्यपुस्तक म्हणून शिकवला जातो. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांच्या टिपा-प्रस्तावनेसह त्याची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबईहून निघाली. न्यायपरंपरा लक्षणाचे तीन दोष सांगते: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. ‘हिरव्या डोक्याचे बदक म्हणजे थापट्या’ असे लक्षण केले तर ते मादीला लागू पडत नाही, कारण ती तपकिरी असते. ऑक्टोबरात आलेल्या नरांनाही ते लागू पडत नाही, कारण तेव्हा त्यांचा पिसारा मादीसारखाच असतो. ही अव्याप्ती. उलट हिरवे डोके इतर जातींच्या नरांनाही असते, म्हणून अतिव्याप्ती. वारकरी या पाणपक्ष्याची बोटे बदकासारख्या सलग पडद्याने जोडलेली असतात असे म्हटले तर तो असंभव, कारण त्याच्या बोटांना सुट्या झालरी असतात. थापट्याचे निर्दोष लक्षण म्हणजे टोकाकडे पसरट होत जाणारी मोठी चोच. ती नर-मादी दोघांना असते आणि इथल्या दुसऱ्या कोणत्याही बदकाला नसते.

तिसरी पायरी नावाची. न्यायातले उदाहरण असे: गवय गायीसारखा असतो असे नगरवासी माणूस अरण्यातल्या जाणकाराकडून ऐकतो. पुढे रानात तसा प्राणी दिसल्यावर ‘गवय म्हणतात तो हाच’ असे त्याला कळते. नैयायिक या ज्ञानाला उपमान हे स्वतंत्र प्रमाण मानतात. त्याचे फळ म्हणजे नाव आणि वस्तू यांचा संबंध कळणे. तलवार बदक सडपातळ, लांब मानेचे, टोकदार शेपटीचे असते हे वाचून तळ्यावर जाणारा माणूस याच वाटेने चालतो. वैशेषिकांनी उपमानाचा समावेश अनुमानात केला. बौद्ध आचार्य दिङ्नागांनी त्याला वेगळे प्रमाण मानले नाही. शब्द वस्तूचे स्वरूप सांगत नाही, तो केवळ इतरांना वगळतो, असा त्यांचा अपोहवाद आहे. ‘हे नव्हे, तेही नव्हे’ असे म्हणत जाती गाळणाऱ्या पक्षीनिरीक्षकाला हे मत पटण्यासारखे आहे. मात्र वगळायचे कशाच्या आधारे, हा प्रतिपक्षाचा आक्षेप इथे वजनदार ठरतो. चोचीचा पसरट आकार आधी दिसावा लागतो. मगच बाकीची बदके बाजूला पडतात.

चौथा प्रश्न अभावाचा. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि तिथे न दिसलेला पक्षीही महत्त्वाचा असतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेने अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानले. नैयायिकांनी अभाव प्रत्यक्षानेच कळतो असे म्हटले. एका अटीवर मात्र दोघे सहमत आहेत: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी योग्यता हवी. धुके, दाट जलपर्णी किंवा दुपारचे झगझगते पाणी असेल तर ‘चक्रवाक नाही’ हे विधान ज्ञान ठरत नाही. पुरेशा उजेडात, पुरेसा वेळ, सगळा काठ पाहिल्यावर लिहिलेले शून्य मात्र प्रमाण आहे, आणि तलाव बुजवण्याविरुद्ध किंवा सांडपाण्याविरुद्ध दाद मागताना तेच साक्ष देते.

म्हणून नाव कळणे म्हणजे पक्ष्याचे संपूर्ण ज्ञान नव्हे. ते नाव आणि वस्तू यांच्या संबंधाचे ज्ञान, आणि तेही योग्य प्रमाणाने झालेले असावे लागते. न्यायसूत्रांच्या आरंभीच प्रमाण आणि संशय यांच्यासह सोळा पदार्थांचे यथार्थ ज्ञान निःश्रेयसाचे, म्हणजे परम कल्याणाचे, साधन मानले आहे. जेवढे दिसले तेवढेच म्हणणे, संशय असेल तिथे तो नोंदवणे आणि अभावाचा दावा अट पुरी झाल्यावरच करणे ही त्या साधनेची रीत आहे. तळ्याकाठी तिचे पालन करणारा सत्याशी प्रामाणिक राहतो, आणि ज्या पक्ष्यांविषयी तो बोलतो त्यांच्याशीही.