विसावा कुणाचा?

सणाच्या दिवशी घरात सर्वांत अधिक काम कुणाला असते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. उत्तर सर्वांना ठाऊक असते, आणि ते मोठ्याने उच्चारले तर कुणाला तरी भरल्या पानावरून उठावे लागेल! मी या प्रश्नापर्यंत पोहोचलो तोही सरळ वाटेने नव्हे. परदेशी स्वयंपाकघरातील एका विजेच्या भांड्याच्या आडवाटेने.

‘स्लो कुकर’ हे त्या भांड्याचे नाव. आत चिनी मातीचे जाड पात्र, भोवती विजेने तापणारे आवरण आणि वर झाकण. एवढाच त्याचा संसार. सकाळी गोमांसाचे नाहीतर कोकराच्या मांसाचे तुकडे, कांदे, गाजरे आणि थोडे पाणी त्यात घालावे, कळ दाबावी आणि कामावर निघून जावे. आठ तासांनी परत यावे तो जेवण तयार! आपल्यापैकी अनेकांच्या घरी मांस शिजतच नाही. गोमांस तर बहुतेक मराठी हिंदू घरांत वर्ज्य, आणि २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैलाच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आहे. तेव्हा मी काही पाककृती सांगायला बसलेलो नाही. मला कुतूहल आहे ते हे भांडे कुणाच्या विसाव्यासाठी जन्माला आले याचे.

पण आधी ते करते काय, हे पाहू. पाठीचा कोवळा तुकडा त्याला मानवत नाही; तो कोरडा पडतो. त्याला हवी असते मान, खांदा, पायाची नळी. म्हणजे जनावराने ज्या अवयवांनी जन्मभर कष्ट उपसले, तेच अवयव. तिथे कोलॅजेनचे चिवट तंतू भरलेले असतात. मोठ्या आचेवर हे मांस आखडते. उकळीच्या जरा खाली, मंद आचेवर तासन्‌तास राहिले, म्हणजे ते तंतू विरघळून त्यांचे जिलेटिन होते आणि मांस चमच्याने तुटते. मात्र मंदपणाचे सरसकट गोडवे गाण्यात अर्थ नाही. राजमा या भांड्यात कच्चाच टाकला, तर त्यातले विष नाहीसे होईलच असे नाही. तो आधी भिजवून दहा मिनिटे खळखळून उकळावाच लागतो. यंत्र वाट पाहील. पण कुठे घाई करायची आणि कुठे थांबायचे, हे ठरवायला माणूस लागतोच. हे जरा ध्यानात असू द्या.

आता जन्मकथा. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाला या भांड्याचे पेटंट १९४० साली मिळाले. त्याची आई मूळची लिथुआनियातली ज्यू. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, धर्मनिष्ठ ज्यूंना विस्तव पेटवता येत नाही, स्वयंपाक करता येत नाही. मग शनिवारी ऊन ऊन जेवायचे कसे? तिच्या लहानपणी गावातल्या बाया गोमांस, घेवड्याचे दाणे, सातू, बटाटे भांड्यात भरून ते शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी गावच्या भटारखान्यात नेऊन देत. भट्टीच्या उरल्या धगीवर ते रात्रभर शिजत राही. या पदार्थाचे नाव ‘चोलंट’. मोरोक्कोतील ज्यू हेच हरभरे, अंडी आणि गोमांस किंवा कोकराचे मांस घालून करतात. त्याला ‘दफिना’ म्हणतात. आईने सांगितलेली ही आठवण मुलाने विजेवर चालवली.

शब्बाथच्या आज्ञेत विसावा कुणाकुणाला द्यायचा याची यादीच आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, तुझी जनावरे आणि तुझ्या दारचा परका माणूस. यादी पुन्हा वाचा. बैलाची आठवण आहे, परक्याची आहे. बायकोचा मात्र वेगळा उल्लेख नाही. ‘तू’मध्ये ती आलीच, असे भाष्यकार म्हणतील, आणि ते खरेही असेल. पण ज्याचा उल्लेख ‘आलाच’ म्हणून सोडून दिला जातो, त्याचा विसावाही पुष्कळदा तसाच सोडून दिला जातो.

हे फार दूरचे वाटत असेल, तर आपल्या कोकणात या. अलिबागच्या बाजूचे बेने इस्रायल लोक तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घाणा थांबला, म्हणजे घाण्याचा बैलही थांबला. आणि आपल्याही बैलाला पोळा आहेच. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू चढत नाही. त्याला न्हाऊ घालून, शिंगे रंगवून पुरणपोळी खाऊ घालतात. मात्र बैलाच्या सुट्टीच्या दिवशी पुरण कोण वाटते? बैलाला पोळा आहे. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला कोणता सण?

कुणी म्हणेल, म्हणूनच तर यंत्रे आली! नॅक्सनचा धंदा १९७० साली दुसऱ्या कंपनीने घेतला आणि १९७१ मध्ये ते भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने अमेरिकेच्या बाजारात आले. घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी ते हातोहात उचलले. ही लहान गोष्ट नव्हे. आगीपाशी उभे राहणे वाचले, हे मोठेच उपकार. पण सकाळी कांदे चिरणे, मांस धुणे, राजमा आदल्या रात्री आठवणीने भिजत घालणे, हे यंत्र करीत नाही. मघाशी म्हटले तो ‘ठरवणारा माणूस’ पुष्कळ घरांत तोच राहिला. विस्तव एकट्याने काम करायला शिकला. घरातले पुरुष मात्र शिकायचे राहिले.

तेव्हा मला वाटते, विसाव्याची नैतिक कसोटी सोपी आहे. ज्याने विसावा तयार केला, तो त्यात सामील आहे की नाही, एवढेच पाहावे. चोलंटची युक्ती मला थोर वाटते ती एवढ्यासाठी, की शनिवारी ते भांडे उघडताना रांधणारीही रिकाम्या हातांनी सर्वांबरोबर बसू शके. कष्ट होतेच, पण ते आदल्या दिवशी संपलेले असत. जिथे एकाचा सण ही दुसऱ्याची पाळी असते, तिथे भांडे विजेचे असो की मातीचे, त्यातून निघतो तो विसावा उसना असतो.

फराळाचे ताट समोर घेऊन तुम्ही हे वाचत असाल. चकल्या खुसखुशीत झाल्या असतील, तर जरूर तसे सांगा. आणि सांगून झाल्यावर आत जाऊन, पुढचा घाणा तळायला झारा आपल्या हातात घ्या. पहिल्या दोन-चार चकल्या करपतील. त्या तुम्हीच खाव्यात.