ऐरणीचे मोल

'प्रश्न ऐरणीवर आला' असे आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. पण खुद्द ऐरण पाहिलेली मुले आता वर्गात दोन-चारच निघतात. भाते बंद पडले, वेल्डिंगची दुकाने आली. आपण त्याला लोहार म्हणू, शेजारच्या कानडी घरात कम्मार म्हणतील. तो गेला की त्याची ऐरण भंगारात जाते, किलोच्या भावाने. ज्याला त्या लोखंडाची पारख आहे, त्याने अशा वेळी गप्प राहून ती भंगाराच्या भावात उचलावी काय?

आधी ही पारख म्हणजे काय ते पाहू. जुन्या इंग्रजी ऐरणीचे अंग घडीव लोखंडाचे असते आणि माथ्यावर पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव केलेली असते. कुशीवर बहुधा तीन आकडे कोरलेले दिसतात. पहिला हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चौथ्या हिश्शाचा, २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. १-२-१४ म्हणजे १८२ पौंड, सुमारे साडेब्याऐंशी किलो. नवखा माणूस हे आकडे सलग वाचतो आणि फसतो. मग हातोडीने हलके ठोकून पाहावे. खणखणीत नाद आला तर उत्तम. बद्द आला तर पट्टी सुटली असेल किंवा अंगात चीर असेल. अर्थात अमेरिकेतल्या फिशर बनावटीच्या बिडाच्या ऐरणी मुळातच मुक्या असतात, तेव्हा एकट्या नादावर निकाल देऊ नये. खरी साक्ष बेअरिंगमधल्या पोलादी गोळीची. दहा इंचांवरून सोडलेली गोळी सात-आठ इंच उसळली तर माथा अजून कठीण आहे. आगीत सापडलेल्या ऐरणीवर ती जेमतेम उसळते.

मधला खळगा पाहून पुष्कळजण नाक मुरडतात. मला तो दोष वाटत नाही. ती वर्षानुवर्षांच्या घावांची नोंद आहे, आणि थोडासा खळगा वाकलेली सळई सरळ करायला उपयोगीच पडतो. उलट ग्राइंडरने घासून, रंग देऊन सपाट केलेली ऐरण नवी दिसते, पण तिची कठीण कातडीच पातळ झालेली असते. विकणाऱ्याची ही लबाडी आपण लगेच ओळखतो. घेणाऱ्याच्या मौनाला मात्र व्यवहारचातुर्य म्हणतो!

कायदाही बऱ्याच अंशी त्याच्या बाजूचा आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या १७व्या कलमाखालील स्पष्टीकरणाप्रमाणे नुसते मौन, काही अपवाद वगळता, कपट ठरत नाही. पण सिसेरोने इ.स.पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात स्केव्होला नावाच्या गृहस्थाची हकीकत आहे. शेत विकत घेताना त्याने मालकाला एकच किंमत सांगायला लावली. ती ऐकून, 'माझ्या मते शेत याहून मोलाचे आहे,' असे म्हणत त्याने आपणहून एक लाख सेस्टर्स वाढवून दिले. लोक त्याला भला म्हणत, शहाणा म्हणत नसत. भलेपणा आणि शहाणपणा यांची ही फारकत सिसेरोला घातक वाटली.

यावर एक आक्षेप सहज फेटाळता येण्यासारखा नाही. पारख फुकट येत नाही. ती मिळवायला आयुष्य जाते. सारेच उघड करायचे तर शिकायचे कशाला? दोन व्यापारी समोरासमोर असतील तर मी हा आक्षेप मान्य करीन. दोघांनाही डाव ठाऊक असतो. पण लोहाराच्या मागे राहिलेल्या बाईला इथे काही डाव चालला आहे हेच माहीत नसते. पारख्याने आपल्या कसबाचा मोबदला जरूर घ्यावा, पण तो तिला कळू देऊन.

म्हणजे गोळी तिच्या देखत सोडावी. कुशीवरचे आकडे तिला, नाहीतर तिच्या शाळकरी नातवाला, वाचून दाखवावेत. चीर असेल तर तीही दाखवावी. भंगारवाला किती देईल, कारखान्यात काय येईल, टेम्पोचे भाडे किती, हे मोकळेपणी मांडून मग आपला आकडा सांगावा. बाईने उद्या सांगते म्हटले, तर उद्या यावे.