आठव्या दिवसाची दया

(शास्त्रपाठ : लूक १०:३०–३५)



यरुशलेमाहून यरीहोस उतरणाऱ्या वाटेवरील घायाळ मनुष्याचा दृष्टांत आपण बालपणापासून ऐकत आलों आहों. याजक निघून गेला, लेवी निघून गेला आणि परका शोमरोनी थांबला, एवढें सांगून आमचे पुष्कळ उपदेश संपतात. परंतु प्रभूनें दृष्टांत तेथें संपविला नाहीं. शोमरोन्यानें जखमा बांधल्या, घायाळास उतारशाळेंत नेलें, त्याची शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशीं मालकाच्या हातीं दोन दीनार ठेवले. आणि अधिक खर्च लागल्यास परत येतांना तो फेडण्याचें वचन दिलें. आज मला ह्या परत येण्याविषयीं बोलावयाचें आहे.

२६ जानेवारी २०१८ ची रात्र कोल्हापुरांत पुष्कळांस स्मरत असेल. गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या, पुण्याकडील एका कुटुंबाची लहान बस शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेंत कोसळली. १३ जण मरण पावले, ३ जण घायाळ होऊन वांचले. त्या काळोखांत जवळपासचे लोक मदतीस धांवले. पाण्यांत कोणाची माणसें आहेत हें त्यांनीं विचारलें नाहीं. ते त्या रात्रीचे शोमरोनी होत. मेलेल्यांसाठीं आम्ही शोक केला, तो योग्यच होता. परंतु वांचलेल्या तिघांचें पुढें कसें झालें, हें आपणांपैकीं कितीकांनीं विचारलें? मीं विचारलें नाहीं.

आतां माझाच दोष सांगतों. राजारामपुरींतील एका गल्लींत आपल्या मंडळीचा एक बंधु राहतो. घाटांत बस रस्ता सोडून झाडावर आदळली, तेव्हां त्याच्या मांडीचें हाड मोडलें. पहिल्या आठवड्यांत मी तीन वेळां इस्पितळांत गेलों, प्रार्थना केली. मंडळीनें फळें नेलीं, वर्गणी जमविली. तो घरीं आला आणि मला वाटलें, काम झालें. दोन महिन्यांनीं सहज गेलों, तों त्याचा गुडघा आखडलेला. व्यायामास न्यावयास कोणी नव्हतें. रस्त्यावर बसचा कर्णा वाजला कीं त्याच्या अंगास घाम फुटे. तो मला म्हणाला, "पाळकसाहेब, इस्पितळांत तुम्हां सर्वांस बसावयास जागा पुरत नव्हती. येथें मी दार उघडें ठेवून बसतों." मला उत्तर देतां आलें नाहीं.

अपघाताच्या जागीं काय करावें, हें थोडक्यांत सांगतों. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त वाहत असेल तेथें स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावें. आगीचा किंवा पाण्याचा धोका नसेल तर घायाळास ओढूं नये, कारण मोडलेली मान वळविल्यास जन्माचें पंगुत्व येऊं शकतें. पोलिसांच्या भयानें मागें सरूं नये. सद्भावनेनें मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याचें १३४अ कलम २०१९ सालापासून संरक्षण देतें.

पण ह्यापुढेंच खरी वाट सुरू होते. २०२५ सालच्या सरकारी योजनेप्रमाणें रस्त्यावरील अपघातांत घायाळ झालेल्यास नेमलेल्या इस्पितळांत दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोकड न भरतां मिळतात. परंतु केवळ अपघातापासून सात दिवसांपर्यंत. हे जणूं ते दोन दीनार होत. आठव्या दिवशीं कोण येणार? बंधूंनो, तो दिवस मंडळीचा आहे.

म्हणून गांवोगांवच्या उपदेशक बंधूंस माझी विनंती आहे कीं, त्यांनीं एका वहींत घायाळाचें नांव लिहून पुढें चार खुणा कराव्या : आठवा दिवस, पहिला महिना, तिसरा महिना, सहावा महिना. आठव्या दिवशीं जाऊन विचारावें : डोकें वाढतें दुखतें काय, वांति होते काय, भलतीच झोंप येते काय? म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यांत मारानंतर कित्येक आठवड्यांनींही रक्त साकळतें. पोटरी सुजली किंवा एकाएकीं दम लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. त्याच घटकेस इस्पितळांत न्यावें. पहिल्या महिन्यांत पाहावें कीं, डॉक्टरांनीं सांगितलेला व्यायाम होतो काय. हाड जुळलें तरी सांधा आपोआप सुटत नाहीं. रात्रीं दचकून उठणें, बसचें भय, ह्यांस अविश्वास म्हणूं नये. तीही जखमच आहे. ती महिन्यापलीकडे राहिली तर मनाच्या वैद्याकडे न्यावें. तिसऱ्या महिन्यांत कागदपत्रें पाहावीं. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आंत गेला पाहिजे, आणि अशिक्षित घरांत हें सांगणारा पुष्कळदां कोणीच नसतो.

ह्या कामास मोठें धन लागत नाहीं. आठवड्यांतून दोनदां एका मनुष्यास व्यायामास नेऊन आणणारा एक तरुण पुरतो. राजारामपुरींतला तो बंधु आतां काठी घेऊन उपासनेस येतो. गुडघा पुरता वळत नाहीं. त्याच्या दर पावलाबरोबर काठी वाजते, आणि मी व्यासपीठावरून माझे दोन गेलेले महिने मोजतों.

"पुन्हां येतों" असें म्हणून आपण किती खाटांपासून उठलों आहों! प्रियहो, ह्या आठवड्यांत त्यांपैकीं एका दारीं परत जा. आपला प्रभु परत येण्याचें वचन देऊन गेला आहे, आणि तो वचन मोडणारा नव्हे. त्याच्या लोकांचेंही वचन तसेंच असो. आमेन.